ट्रंकेच्या तळाशी तोफगोळा निघाला तर

जुनं घर आवरायला काढलं की वस्तू साधारण ठरलेल्या क्रमाने बाहेर येतात. आधी भांडीकुंडी, मग कागदपत्रं, फोटो, आणि सगळ्यात शेवटी कुणी वर्षानुवर्षं न उघडलेली लोखंडी ट्रंक. घरातलं कुणी लष्करात होतं असं असेल तर तिच्यात गणवेश निघतो, पदकं निघतात, पत्रांचा गठ्ठा निघतो. आणि एखाद वेळी तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं, आकाराच्या मानाने भलतंच जड असं काहीतरी हाताला लागतं.

हा लेख त्या क्षणासाठी आहे. बागेत खड्डा खणताना कुदळ टणकन वाजली, माळा साफ करताना अंड्याएवढा गंजका गोळा घरंगळत आला, तरी हेच लागू.

सुरुवातीलाच सांगून टाकतो: तुमच्या-माझ्यासारख्याने जुना दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याची कुठलीही रीत नाही. हात लावू नका, लांब जा, कळवा. एवढंच आपलं काम. मग एवढा लेख कशाला? कारण या तीन गोष्टी ऐकायला सोप्या वाटतात, पण माणसं नेमकी तिथेच घसरतात, आणि घसरताना प्रत्येकाकडे एखादं पटण्यासारखं कारण असतं.

वस्तू आधीच हातात असेल तर

बहुतेक सूचनापत्रकं ‘हात लावू नका’ इथून सुरू होतात. पण फडकं सोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि कळतं तेव्हा वस्तू हातात असते. अशा वेळी दचकून टाकून देऊ नका. जिथे आहात तिथेच, हाताशी असलेल्या सपाट, खालच्या जागेवर, गडगडणार नाही अशी हळूच ठेवा आणि हात काढून घ्या. शक्यतो जमिनीवरच.

त्यानंतर ती पुन्हा उचलायची नाही. ‘घरात नको, अंगणात ठेवू’ हा विचार सगळ्यांना सुचतो आणि तोच सगळ्यात वाईट आहे. अंगणापर्यंतची तीस पावलं तुम्ही तिला छातीशी धरून चालणार, उंबरठा ओलांडणार, कदाचित जिना उतरणार. पाण्याच्या बादलीत बुडवणं, वाळूत पुरणं, ट्रंकेत परत ठेवून झाकण लावणं यातलंही काही नको. पाण्याने लष्करी स्फोटकं निकामी होत नाहीत. समुद्राच्या तळाशी दशकानुदशकं पडलेले सुरुंग आजही स्फोट करून नष्ट करावे लागतात.

नेमकी ओळख पटवण्याच्या भानगडीत पडू नका

आपल्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: हे लष्करी सामान असू शकेल का? ‘असू शकेल’ एवढं उत्तर पुरे. कोणत्या देशाचं, कोणत्या सालचं, किती मिलिमीटरचं, हे शोधायला जवळ जावं लागतं, माती खरवडावी लागते, वस्तू फिरवून पाहावी लागते.

तरी ढोबळ रूपं ठाऊक असावीत. तोफगोळा म्हणजे एका टोकाला निमुळता होत गेलेला नळकांडा. बुडाजवळ बहुधा तांब्याचं कडं असतं. त्या कड्यावर तिरक्या खाचा उमटलेल्या दिसल्या तर तो गोळा तोफेतून डागला गेला होता आणि फुटला नाही असं समजा. उखळी तोफेच्या गोळ्याला शेपटीकडे पाती असतात. हातबॉम्ब अंड्यासारखे, अननसासारखे खाचा पाडलेले, लाकडी दांड्याचे, पत्र्याच्या डब्यासारखेही असतात. गंज चढला की हे सगळं पाइपाच्या तुकड्यासारखं, जुन्या मोटारीच्या सुट्या भागासारखं किंवा सरळ दगडासारखं दिसतं.

काही गोष्टी तर शस्त्रासारख्या दिसतच नाहीत. १९४० पासून ब्रिटनमध्ये होमगार्डसाठी (नागरिकांच्या संरक्षण दलासाठी) लाखोंच्या संख्येने काचेच्या आगबाटल्या बनवल्या गेल्या. आत पांढरा फॉस्फरस, बेंझिन आणि रबराची पट्टी. वर सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं बूच. शत्रू उतरला तर हाताशी असाव्यात म्हणून त्यांची खोकी ठिकठिकाणी पुरून ठेवली होती. शत्रू आला नाही, पुरणारे गेले, खोकी तिथेच राहिली. आजही तिथे बागा आणि शेतं खणताना त्या सापडतात, आणि बघणाऱ्याला जुनी दुधाची बाटली वाटते. ती फुटली की आतला फॉस्फरस हवा लागून आपोआप पेटतो. जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर, उझेडोम बेटाच्या बाजूला, अशाच पांढऱ्या फॉस्फरसचे पिवळसर खडे अंबर (दागिन्यांत वापरतात तो राळेचा खडा) समजून लोक खिशात टाकतात. ओला असेपर्यंत खडा गप्प असतो. खिशात तो वाळतो, अंगाच्या उबेने तापतो आणि सुमारे ३० अंशांच्या पुढे पेट घेतो.

रंगांवर विसंबू नका. निळा म्हणजे सरावाचा, पिवळा पट्टा म्हणजे स्फोटक, असे संकेत काही देशांत आहेत, पण ते देशागणिक आणि काळागणिक बदलले आहेत. त्यातून घरात ठेवलेली वस्तू कुणीतरी हौसेने रंगवलेली असू शकते. सरावाच्या गोळ्यातही कुठे पडला ते दिसावं म्हणून धुराची छोटी पुडी असू शकते, आणि ती बोटं उडवायला पुरेशी आहे. बाजूला पाडलेलं भोक म्हणजे ‘आत काही नाही’ अशी खूणही समजू नका. भोक कुणी पाडलं आणि पुढचं काम पूर्ण केलं का, हे भोकावरून कळत नाही.

‘इतकी वर्षं काही झालं नाही ना?’

हा सगळ्यांचा आवडता युक्तिवाद, म्हणून इथे जरा थांबतो.

वेल्समधल्या मिलफर्ड हेवनमध्ये एका घराच्या बागेत शंभराहून अधिक वर्षं एक गोळा शोभेची वस्तू म्हणून उभा होता. घरातली बाई बागकाम झालं की खुरप्याची माती झाडायला ते त्याच्यावर आपटायची. २०२३ मध्ये रस्त्याने जाणाऱ्या पोलिसाच्या तो नजरेस पडला, लष्करी पथक आलं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या त्या नौदलाच्या गोळ्यात अजून थोडी स्फोटक दारू असल्याचं निघालं. खाणीत नेऊन तो उडवावा लागला. आता यावरून कुणी म्हणेल की बघा, शंभर वर्षं आपटूनही फुटला नाही. बरोबर आहे. पण फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेत, व्हर्जिनियात, यादवी युद्धातल्या तोफगोळ्यांचा जाणकार संग्राहक असा लौकिक असलेला एक माणूस आपल्या घरापुढच्या वाटेवर त्या काळचा एक गोळा साफ करत होता. गोळा सुमारे १४० वर्षांचा. तो फुटला, माणूस जागीच गेला, आणि एक तुकडा जवळपास ४०० मीटरवरच्या घराच्या ओसरीत जाऊन आदळला. त्याने तोवर असे शेकडो गोळे हाताळले होते.

असं का होतं? बॉम्ब किंवा गोळा म्हणजे स्फोटकांची साखळी असते. मोठा साठा बहुधा टीएनटीसारख्या शांत स्फोटकाचा. तो पाण्यात फारसा विरघळत नाही आणि दशकं गेली तरी जवळजवळ तसाच राहतो. त्याला जागं करणारी चिमूटभर संवेदनशील दारू फ्यूजमध्ये, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या यंत्रणेत असते. वयाचा परिणाम होतो तो फ्यूजवर. स्प्रिंगा गंजतात, पिना झिजतात, सुरक्षेसाठी ठेवलेला छोटा पडदा सरकतो. थोडक्यात, भार तसाच राहतो आणि कुलूप कुजतं.

त्यात युद्धभूमीवरून आठवण म्हणून उचलून आणलेली वस्तू आणखी वाईट. तोफेतून सुटताना बसणारा झटका आणि हवेतली गिरकी यांनी फ्यूजचे अडसर निघतात, आणि मग गोळा आदळताच फुटावा अशी रचना असते. जो डागला गेला पण फुटला नाही, त्याचे अडसर निघून गेलेले असतात. एवढंच की शेवटचा टप्पा अडकला. तो कशामुळे अडकला आणि कशाने सुटेल हे बाहेरून सांगता येत नाही.

रसायनंही स्वस्थ बसत नाहीत. पहिल्या महायुद्धापर्यंत अनेक गोळ्यांत पिक्रिक आम्ल हे स्फोटक भरत. ते धातूशी हळूहळू संयोग पावून जे क्षार तयार होतात ते मूळ आम्लापेक्षा कितीतरी चिडखोर असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या काही हवाई बॉम्बमध्ये उशिराने फुटणारे रासायनिक फ्यूज होते: अ‍ॅसिटोनची कुपी फुटते, त्यात सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) चकत्या विरघळतात, मग टोचणी सुटते. बॉम्ब उलटा रुतला की अ‍ॅसिटोन चकत्यांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि घड्याळ अर्ध्यावर थांबतं. चकत्या मात्र वर्षागणिक ठिसूळ होत राहतात. १ जून २०१० रोजी जर्मनीतल्या गॉटिंगनमध्ये असाच बॉम्ब निकामी करायची तयारी चालू असताना तो फुटला आणि पथकातले तिघे मेले. ते आयुष्यभर हेच काम करत आलेले लोक होते.

बेल्जियम आणि फ्रान्समधले शेतकरी नांगरटीत निघालेले पहिल्या महायुद्धातले गोळे बांधावर किंवा विजेच्या खांबापाशी ठेवून देतात आणि लष्कराची गाडी येऊन ते घेऊन जाते, अशी छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. ती पाहून धीर चढू देऊ नका. त्या भागात या गोळ्यांनी युद्ध संपल्यावरही माणसं मारली आहेत.

आता पावलं

पहिलं पाऊल: काम थांबवा. खणत असाल तर कुदळ रुतली आहे तिथेच राहू द्या, ओढून काढू नका. यंत्र चालू असेल तर बंद करा आणि उतरा. वस्तू अर्धी मातीत असेल तर अर्धीच राहू द्या. जानेवारी २०१४ मध्ये जर्मनीतल्या ऑयस्किर्शनमध्ये राडारोड्याच्या आवारात काम करणाऱ्या खोदयंत्राच्या चालकाला याच तऱ्हेने मृत्यू आला. रोड्यात जुना हवाई बॉम्ब होता.

दुसरं: माणसं बाहेर काढा. फक्त त्या खोलीतून काढून भागत नाही, घरातूनच. मुलं आधी, कारण त्यांनाच बघायची सगळ्यात जास्त हौस असते. पाळीव जनावरं सहज हाताशी असतील तर सोबत घ्या. गॅस चालू असेल आणि वाटेवरच असेल तर बंद करा. त्यासाठी वस्तूवरून मागे जाऊ नका. औषधं आणि घराची किल्ली उचलता आली तर उत्तम. कारण परत यायला किती वेळ लागेल याचा अंदाज नसतो.

किती लांब जायचं? वस्तू काय आहे हे माहीत नसताना ठाम आकडा कुणीच देऊ शकत नाही. व्हर्जिनियातला तो तुकडा लक्षात ठेवा. सोपा नियम असा: ती जागा तुमच्या नजरेआड झाली पाहिजे आणि मध्ये भक्कम इमारत असली पाहिजे. तुम्हाला ती दिसते आहे, याचा अर्थ तिच्या तुकड्यांनाही तुम्ही दिसता. काचेच्या खिडकीमागे उभं राहून वाट बघू नका. पुढचं अंतर पोलीस ठरवतील.

तिसरं: लांब गेल्यावर फोन करा. वस्तूच्या शेजारी उभं राहून नको. काही प्रकारचे विजेवर चालणारे डिटोनेटर (स्फोट सुरू करणाऱ्या छोट्या कांड्या) जवळच्या रेडिओलहरींना संवेदनशील असू शकतात, म्हणून दूर जाऊनच बोलण्याचा दंडक आहे. माझ्या मते त्याहून मोठं कारण साधं आहे: फोनवर बोलणारा माणूस नकळत वस्तूजवळ जाऊन वर्णन करू लागतो.

फोटो निघताना सहज काढता आला असेल तर उपयोगी पडतो. त्यासाठी परत जायचं नाही. जवळ काडेपेटी ठेवून आकार दाखवणं वगैरे शास्त्रीय हौस तर मुळीच नको.

चौथं: दुसरं कुणी तिकडे जाणार नाही असं बघा. शेजाऱ्याला सांगा, फाटकाशी लांबवर माणूस उभा करा. समुद्रकिनारी किंवा माळरानावर सापडलं असेल तर जागेची खूण मनाशी पक्की करा, मोबाइलच्या नकाशावर ठिकाण जतन करा. काठी रोवायची नाही.

फोनवर काय सांगायचं

तुमच्या देशाचा आपत्कालीन क्रमांक किंवा पोलीस. तिथून पुढे बॉम्बशोधक व नाशक पथकाला किंवा लष्कराला बोलावणं त्यांचं काम. बोलताना क्रम असा ठेवा: कुठे आहे (पूर्ण पत्ता, कितवा मजला, कोणती खोली), काय दिसतं, हलवली आहे का, कोणी जखमी आहे का.

आकार सांगताना रोजच्या वस्तूंशी तुलना करा. ‘पाण्याच्या लिटरच्या बाटलीएवढा, एक टोक निमुळतं, गंजलेला, बुडाशी तांब्याचं कडं.’ एवढ्यावर पलीकडच्याला बरंच कळतं. काही पाझरत असेल, वास येत असेल, धूर असेल तर तेही. वस्तू तुमच्या हातून पडली असेल, तुम्ही ती तारेच्या ब्रशने घासली असेल, मुलाने तिच्याशी खेळून झालं असेल, तर संकोच न करता सांगा. पथकाला हीच माहिती सगळ्यात जास्त लागते आणि लोक नेमकी हीच लपवतात.

‘बहुतेक निकामीच असेल हो’ हे वाक्य टाळा. त्याने पलीकडचा सैल होतो. आणि उगीच त्रास दिला असं वाटून लाजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहरात एका माणसाने मृत शेजाऱ्याच्या गॅरेजमधलं जुनं रॉकेट लष्करी संग्रहालयाला द्यायची इच्छा फोनवरून कळवली. संग्रहालयाने पोलिसांना सांगितलं. पथकाने पाहिलं तर ते अण्वस्त्र वाहून न्यायला बनवलेल्या एका जुन्या क्षेपणास्त्राचा सांगाडा निघाला, स्फोटकाविना, आत रिकामा. कुणी कुणाला रागावलं नाही. त्या माणसाने केलेली खरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे वस्तू गाडीत घालून संग्रहालयाकडे नेली नाही.

कारण लोक खरोखर नेतात. पिशवीत घालून पोलीस ठाण्यात, डिकीत टाकून भंगारवाल्याकडे. एप्रिल २०२२ मध्ये एका पर्यटक कुटुंबाने गोलन टेकड्यांवर सापडलेला न फुटलेला गोळा आठवण म्हणून सामानात घेतला आणि इस्रायलमध्ये तेल अवीवच्या बेन गुरियन विमानतळावर तो काढून दाखवला. गर्दीत पळापळ झाली, एक जण पळताना पडून जखमी झाला.

कातडीला काही लागलं असेल तर

पहिल्या महायुद्धातल्या काही गोळ्यांत मस्टर्ड वायूसारखी रसायनं होती. खरं तर तो तेलकट द्रव असतो, लसणासारखा किंवा मोहरीसारखा वास येणारा. त्याची खोड अशी की लागल्या लागल्या काही जाणवत नाही. लाली आणि फोड यायला दोन तासांपासून एक दिवसही लागतो. म्हणून हाताला काही तेलकट लागलं तर त्रास होण्याची वाट पाहू नका. कपडे उतरवा, साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, दवाखान्यात जा आणि जुन्या गोळ्याशी संबंध आला हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

फॉस्फरसने भाजलं असेल तर तो भाग सतत पाण्याखाली किंवा ओल्या फडक्याखाली ठेवायचा. कोरडा पडला की तो पुन्हा पेटतो. मलम, तेल काही लावू नका.

पथक आल्यावर

कधी दहा मिनिटांत काम होतं, वस्तू डब्यात ठेवून गाडी निघून जाते. कधी गल्ली रिकामी करावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथमध्ये घर वाढवण्यासाठी बागेत खणताना ५०० किलोचा जर्मन बॉम्ब लागला. दहा हजारांहून अधिक लोकांना हलवून तो लष्करी ताफ्यातून समुद्राकडे नेला गेला. तिथल्याच एक्सेटर शहरात २०२१ साली १००० किलोचा बॉम्ब जागेवरच उडवावा लागला आणि आसपासच्या घरांचं नुकसान झालं. म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद, गाडी कुठे लावायची, याबद्दल ते सांगतील ते जसंच्या तसं करा.

आजोबांची आठवण म्हणून वस्तू परत हवी असेल तर तेव्हाच विचारून ठेवा. आत काही नाही अशी खात्री झाली आणि कायद्यात बसत असेल तर काही ठिकाणी ती परत मिळते. मिळाली तर ‘निकामी’ असल्याचा कागद लेखी मागा आणि तो वस्तूसोबतच ठेवा, नाहीतर पुढच्या पिढीत हाच फोन पुन्हा जाईल. बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या, पितळी पुंगळीवर कोरून केलेल्या फुलदाण्या यांचा धोका बराच कमी, पण पुंगळीच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी न फुटलेली असू शकते आणि बाळगण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. पथक आलंच आहे तर त्याही दाखवून घ्या.

आणि ते जायच्या आधी बाकीच्या न उघडलेल्या पेट्या, माळ्यावरचे डबे, गॅरेजमधला कोपरा त्यांना दाखवा. ज्याने एक वस्तू जपून आणली, त्याने दुसरीही आणलेली असू शकते.